एका निरोगी माणसाच्या हृदयाभोवती

देवव्रत टिपणिसांच्या हृदयात काही वाईट आहे असं मुलुंड पूर्वेला कधी कुणाला आढळलं नाही, आणि ते अगदी खरं होतं. जे वाईट होतं ते हृदयाच्या आत नव्हे, भोवती होतं. साधारण चारशे मिलिलिटर पू.

हा आकडा कळेपर्यंत टिपणीस हे त्या भागातले सर्वांत निरोगी गृहस्थ म्हणून ओळखले जात. वय एक्कावन्न. घाटकोपरच्या एका वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत ते गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. काट्यात अर्ध्या ग्रॅमची चूक निघाली तरी तो परत पाठवत, आणि माणसांनाही तोच नियम लावत. तेवीस वर्षांत त्यांनी आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती. ऑफिसात कुणी शिंकलं की ते त्याच्याकडे असे बघत, की दुसरी शिंक येणारी असली तरी येत नसे. घर सहाव्या मजल्यावर, पण लिफ्टमध्ये ते इमारतीच्या उद्घाटनाच्या दिवशी शिरले होते तेवढेच, आणि तेही फीत कापायला.

एवढं आरोग्य एकट्याने बाळगणं बरं नव्हे म्हणून त्यांनी सोसायटीत 'निरौषध मंडळ' काढलं. दर रविवारी सकाळी सात वाजता गच्चीवर बत्तीस माणसं जमत आणि टिपणीस त्यांना गोळी न घेण्याचे फायदे सांगत. "गोळी म्हणजे शरीराने दिलेला राजीनामा," हे त्यांचं वाक्य मंडळाच्या कापडी पिशव्यांवर छापलेलं होतं. बत्तिसांपैकी एकोणतीस जण रक्तदाबाची गोळी घेऊन मगच गच्चीवर येत, पण ती घरी, दार लावून.

टिपणिसांच्या स्वतःच्या घरात वडील होते. श्यामसुंदर टिपणीस, म्हणजे अप्पा, वय एक्क्याऐंशी. ते सात कप्प्यांच्या डबीतून दिवसाला अकरा गोळ्या घेत आणि ठणठणीत होते. टिपणीस त्यांना अपवाद म्हणत. पत्नी मृणालिनी शाळेत भूगोल शिकवायची. ती मंडळात नव्हती. "घरात एवढं ऐकते, परत गच्चीवर कशाला," असं तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं.

मंडळाचं दुसरं कार्य म्हणजे औषधपेटी. पेटी म्हणजे सोसायटीच्या ऑफिसातलं एक स्टीलचं कपाट. लोकांनी घरात उरलेली औषधं त्यात आणून ठेवायची आणि मुदत न संपलेली औषधं महिन्याच्या शेवटी कुर्ल्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात पोचवायची. अडीअडचणीला कुणी पेटीतून काही घेतलं, तर वहीत नोंद करायची: नाव, वय, तक्रार, गोळ्या किती. दर महिन्याच्या एक तारखेला त्या पानाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा. असा फोटो पाहिला की माणसं पुढच्या महिन्यात डोकेदुखी अंगावर काढतात, असा टिपणिसांचा अनुभव होता. नियम त्यांनीच केलेला असल्यामुळे मोडण्याची सोय नव्हती.

गणपती झाल्यावरच्या आठवड्यात टिपणिसांची खालची डावी दाढ ठणकायला लागली.

त्यांनी लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या, दीर्घ श्वसन केलं. चौथ्या दिवशी गाल असा वर आला की त्या आठवड्यातले सगळे फोटो त्यांनी उजव्या बाजूने काढून घेतले. दातांचा दवाखाना सोसायटीच्या फाटकासमोरच होता. अडचण तीच होती, तो फाटकासमोर होता. तिथल्या पायऱ्या चढताना बत्तीसपैकी कुणीही पाहिलं असतं.

पाचव्या दिवशी सकाळी साडेपाचला, फिरायला जाण्याआधी, त्यांनी सोसायटीच्या ऑफिसचं कुलूप उघडलं. पेटीत अँटिबायोटिकची एक अर्धवट पट्टी होती, तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाला मधेच बरं वाटल्यामुळे दान झालेली. तिच्यात चार गोळ्या होत्या. टिपणिसांनी एक त्या सकाळी घेतली, एक संध्याकाळी आणि एक दुसऱ्या सकाळी. सूज उतरली, ठणका थांबला. चौथी गोळी त्यांनी पेटीत परत ठेवली, कारण ते लोभी नव्हते.

प्रश्न वहीचा होता. स्वतःचं नाव लिहिलं तर मंडळ संपलं, आणि नोंद न करता औषध नेणं ही चोरी झाली असती. टिपणीस चोर नव्हते. त्यांनी पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: श्री. श्यामसुंदर टिपणीस, वय ८१, दाढदुखी, गोळ्या ३. अकरा गोळ्यांच्या माणसाला आणखी तिनांनी काय फरक पडतो. नोंद सगळी बरोबर होती, फक्त माणूस दुसरा होता.

दोनेक आठवडे बरे गेले. मग थंडी वाजून ताप यायला लागला आणि छातीच्या मधोमध दुखू लागलं. उताणं झोपलं की दुखणं वाढायचं, पुढे वाकून बसलं की कमी व्हायचं. म्हणून टिपणीस पुढे वाकून बसायला लागले, आणि कुणी विचारलंच तर ते नवीन आसन असल्याचं सांगायला लागले. पुढच्या रविवारी गच्चीवर बत्तीस माणसं पुढे वाकून बसली. काहींना त्याने बरंही वाटलं.

सोमवारी ते जिना चढताना चौथ्या मजल्यावर खाली बसले आणि उठले नाहीत. मृणालिनीने लिफ्टचं बटण दाबलं, तेव्हा त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"गप रे," ती म्हणाली, आणि वॉचमनच्या मदतीने त्यांना लिफ्टमध्ये घातलं.

नाहूरच्या बाजूच्या एका खासगी हॉस्पिटलात डॉ. प्रबुद्ध तायडे म्हणून हृदयरोगतज्ज्ञ होते. मूळचे अकोल्याचे, चाळिशीच्या आतले, आणि बोलायला इतके सावकाश की पेशंटला वाटावं, आपलं फार गंभीर नसणार. त्यांनी सोनोग्राफी केली, छातीत सुई घालून नळी बसवली, आणि जे बाहेर आलं त्याची बरणी उजेडाकडे धरून पाहिली.

"हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते," दुसऱ्या दिवशी त्यांनी टिपणिसांना सांगितलं. "तिच्यात चमचा-दोन चमचे पाणी असतं, हृदय घासू नये म्हणून. तुमच्या पिशवीत पू झालाय. त्याचा हृदयावर दाब येत होता. आणखी एक दिवस घरी बसला असतात, तर आपली भेट झाली नसती."

"कशामुळे?"

"जंतू. पण मधुमेह नाही, टीबी नाही, एचआयव्ही नाही, कॅन्सर नाही, आणि तरी पू, असं एरवी धडधाकट माणसात फार दुर्मीळ."

टिपणिसांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "किती दुर्मीळ?"

"माझ्या सात वर्षांत ही दुसरी केस."

"आणि पहिली?"

"त्या बाईंना मधुमेह होता."

"म्हणजे ती धरायची नाही," टिपणीस म्हणाले.

डॉ. तायड्यांनाही ती धरायची नव्हतीच. त्यांनी परिषदेत वाचायच्या निबंधाचं शीर्षकसुद्धा मनात ठरवलं होतं. 'एरवी संपूर्णपणे निरोगी प्रौढात हृदयावरणाचा पूयुक्त दाह.' टिपणिसांनी त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. 'संपूर्णपणे' हा शब्द त्यांना विशेष आवडला.

"आता नीट आठवून सांगा, सर. गेल्या महिन्यात घसा, कान, दात, कुठे गळू, असं काही?"

"नाही."

"कुठलं अँटिबायोटिक?"

उत्तर मृणालिनीने दिलं. "डॉक्टर, लग्नात याच्या डोळ्यात अक्षता गेल्या, तर याने डोळ्यात थेंब घातले नाहीत. अख्ख्या अल्बममध्ये एक डोळा मिटलेला आहे. हा काय अँटिबायोटिक घेतोय."

टिपणीस छताकडे बघत राहिले. डॉक्टरांनी टॉर्च काढून तोंड उघडायला सांगितलं. त्यांनी जेवढं उघडलं तेवढ्यात पुढचेच दात दिसले, आणि ते स्वच्छ होते.

भेटीच्या वेळेला मंडळाचे चिटणीस मार्तंड खोपकर आले. हातात मंडळाची पिशवी, पिशवीत शहाळं.

"साहेब, गच्चीवर तातडीची सभा घेतली," खोपकर म्हणाले. "शुभाताईंचं म्हणणं, लिफ्टमुळे झालं. लिफ्टने खाली आलात, त्यानंतरच सगळं वाढलं ना. पण माझं मत वेगळंय. मी म्हटलं, विष हृदयाच्या दारापर्यंत आलं, पण आत शिरलं का? नाही. शरीराने त्याला बाहेरच थोपवलं. का थोपवलं? कारण तेवीस वर्षांत एक गोळी नाही पोटात."

"सभेने काय ठरवलं?" टिपणिसांनी क्षीण आवाजात विचारलं.

"एकमताने मान्य. आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी ज्येष्ठ नागरिक संघाचा 'निरामय नागरिक' सन्मान आहे ना तुम्हाला, तो होणारच. उलट आता तर व्हायलाच पाहिजे. मानचिन्ह तयार आहे, टिपणीस म्हणून कोरूनसुद्धा झालं."

मृणालिनीने शहाळ्यात स्ट्रॉ खुपसली. "खोपकर, त्यांच्या छातीतून नळी बाहेर आलीय. ती दिसतेय ना तुम्हाला?"

"दिसतेय ना, वहिनी. निचरा होतोय."

चौथ्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला. पुवात एकही जंतू वाढला नव्हता. ताप मात्र एकशे दोनच्या खाली यायला तयार नव्हता, आणि नळीतून पू येतच होता. डॉ. तायडे खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. खोपकर पलीकडे, पिशवी मांडीवर घेऊन.

"सर, इतका पू आहे आणि जंतू उगवत नाही, याचा बहुतेक वेळा एकच अर्थ. कुणीतरी त्याला आधी अर्धवट मारलंय," डॉक्टर म्हणाले. "तो कुठून आला हे कळलं, तर नेमकं औषध देता येईल. आत्ता अंदाजाने चाललंय. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर छाती उघडून पिशवी साफ करावी लागेल. ते ऑपरेशन मोठं आहे, आणि तुमची ताकद आत्ता कमी आहे. म्हणून परत विचारतो. एखादी गोळी? चुकून?"

टिपणिसांनी पिशवीवरचं वाक्य वाचलं. ते त्यांचंच होतं. मृत्यूबद्दल त्यांचं ठाम असं मत नव्हतं. तो इतरांच्या बाबतीत ऐकलेला प्रकार होता. पण गच्ची त्यांना स्पष्ट दिसत होती. एकतीस माणसं पुढे वाकून बसलेली, आणि खोपकर उभे राहून वहीतली नोंद मोठ्याने वाचतायत.

"नाही," ते म्हणाले.

खोपकरांनी अभिमानाने डॉक्टरांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरची एक तारीख होती. साहेब खाटेवर असले तरी साहेबांचा नियम मोडता कामा नये, म्हणून खोपकरांनी सकाळी नऊ वाजता ऑफिस उघडून वहीतल्या सप्टेंबरच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'टिपणीससाहेबांच्या अनुपस्थितीतही कार्य अखंड.'

मृणालिनी तेव्हा हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये इडली खात होती. ग्रुपवर ती नवऱ्याची बायको म्हणून होती, आणि एरवी फोटो उघडायची नाही. पण फोटोखाली चौदा जणांनी लिहिलं होतं, 'अप्पांच्या दाढेला आराम पडो.' कुणी हात जोडले होते. तिने फोटो उघडला, बोटांनी मोठा केला, आणि इडली बाजूला सारून घरी फोन लावला.

"अप्पा, गणपतीनंतर तुमची दाढ दुखत होती?"

"कुणाची?" अप्पांचा आवाज जरा पोकळ येत होता.

"तुमची."

"अगं, माझी शेवटची दाढ दोन हजार बारा साली गेली. देवूच घेऊन गेला होता मला. वर-खाली दोन्ही कवळ्या आहेत. आत्ता वाटीत आहेत, म्हणून असा बोलतोय."

"पेटीतून तीन गोळ्या घेतल्यात असं वहीत आहे."

"मी कशाला घेऊ? माझ्या अकरा आहेत, त्या पुरतात." पलीकडे वाटी सरकल्याचा आवाज आला. "मृणाल, गाल देवूचा सुजला होता गं. मी विचारलं त्याला. म्हणाला, मोदकांनी वजन वाढलंय. मी म्हटलं, एकाच बाजूला?"

मृणालिनी वर गेली. टिपणीस डोळे मिटून पडले होते, कपाळावर घाम. तिने मोबाइलची बॅटरी लावली.

"तोंड उघड."

"काय झालं?"

"आ कर. वर्गातली पोरं करतात तसा नाही. मोठा."

टिपणिसांनी आ केला. तिने डावीकडे खाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि बॅटरी बंद केली.

"तीनच," टिपणीस म्हणाले. "चौथी परत ठेवली."

"फार प्रामाणिक आहेस."

"मृणाल, हे मंडळाला कळलं तर..."

"उद्या छाती उघडणारेत तुझी. ते चालेल मंडळाला?"

टिपणिसांनी यावर विचार केला. तो किती वेळ चालला हे मृणालिनीने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. ती खाटेच्या कडेवर बसली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"गोळ्या अप्पांच्या नावावर घेतल्यास. मरणार कुणाच्या नावावर आहेस, देवव्रत?"

नळीतून एक थेंब बाटलीत पडला. मग दुसरा.

"डॉक्टरांना बोलव," टिपणीस म्हणाले.

डॉ. तायड्यांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला.

"म्हणजे दाढ," ते म्हणाले.

"दाढ."

"मी विचारलं होतं, सर. दात, म्हणून."

"तेव्हा दुखत नव्हती," टिपणीस म्हणाले. गुणवत्ता विभागात हे उत्तर चाललं असतं.

पुढचं सगळं भराभर झालं. एक्स-रेत दाढेच्या मुळाशी गळू दिसलं, आणि स्कॅनमध्ये तिथून मानेतून छातीपर्यंत उतरलेली वाट. तीन गोळ्यांनी वरची सूज तेवढी घालवली होती. खाली जंतू नुसते अर्धमेले झाले होते, हटले नव्हते. डॉक्टरांनी तोंडातल्या जंतूंना लागू पडणारं औषध सुरू केलं, दंतवैद्यांनी खाटेशी येऊन दाढ काढली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. छाती उघडावी लागली नाही.

"पण अजूनही दुर्मीळ आहे ना?" ताप उतरल्यावर टिपणिसांनी पहिला प्रश्न विचारला.

"दुर्मीळ आहे," डॉ. तायडे म्हणाले. त्यांच्या आवाजात पूर्वीची उमेद नव्हती. "पण गूढ नाही."

मृणालिनीने खोपकरांना सांगितलं, आणि मंडळाला खोपकरांनी. त्यांनी ते अशा शब्दांत सांगितलं की साहेबांनी वडिलांच्या वेदना स्वतःवर घेतल्या, असं अर्ध्या गच्चीला वाटलं. उरलेल्या अर्ध्या गच्चीने त्या रविवारी घरून गोळ्या आणल्या आणि पहिल्यांदाच एकमेकांदेखत घेतल्या. कुणाला कुठली कंपनी बरी पडते, यावर छान चर्चा झाली. सन्मान सोहळाही झाला. मानचिन्हावर टिपणीस एवढंच कोरलेलं होतं, ते परत कोरून घेण्यापेक्षा संघाने अप्पांना बोलावलं. अप्पांनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि भाषणात आपल्या अकराही गोळ्यांची नावं सांगितली. टाळ्या पडल्या.

टिपणीस चार आठवडे शिरेतून औषध घेऊन घरी आले. आजारपणाची तेवीस वर्षांची रजा त्यांनी एकदम संपवली. पुढे पंधरा दिवस गोळ्या होत्या, दिवसाला दोन. अप्पांनी त्यांना आपली जुनी सात कप्प्यांची डबी दिली आणि रोज सकाळी चहाआधी स्वतः विचारू लागले.

"घेतलीस?"

"घेतली."

"जीभ दाखव."

टिपणीस जीभ दाखवत. सहा मजले ते आता लिफ्टने चढत, पण आत शिरल्यावर आरशाकडे पाठ करून उभे राहत.

एका गोष्टीवर मात्र त्यांची अजून भिस्त होती. डॉ. तायड्यांचा निबंध. परिषदेत तो वाचून झाला, आणि सात महिन्यांनी वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पेशंटचं नाव देत नाहीत हे टिपणिसांना ठाऊक होतं, पण शीर्षकातला तो शब्द तर राहणार होता. त्यांनी ऑफिसात प्रिंट काढली, केबिनचं दार लावलं आणि चष्मा चढवला. शीर्षक बदललेलं होतं. त्यात 'निरोगी' नव्हतं आणि 'संपूर्णपणे'ही नव्हतं. त्यांनी सगळी चार पानं वाचली. रुग्णाबद्दल पहिल्या पानावर एकच ओळ होती.

पुरुष, वय ५१, दातांची निगा असमाधानकारक.